घरासाठी कॉर्डलेस ड्रिल घ्यायचंय : नव्या बिल्डिंगच्या भिंतींना कोणतं चालेल?

उंबरठा

नमस्कार मंडळी. कासारवडवलीला नव्या घराची चावी मिळून महिना झाला. आई पुढच्या महिन्यात कायमची आमच्याकडे राहायला येतेय. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून सगळ्यात आधी बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला धरायला स्टीलचा दांडा बसवायचाय. बाकी यादी कुठल्याही नव्या घरासारखीच. पडद्यांचे रॉड, देव्हारा, आरसा, चपलांचं कपाट, गॅलरीत कपडे वाळत घालायचा दोरीने वर-खाली होणारा हँगर. मोजली तर ३५ भोकं होतात.

एका मिस्त्रींना बोलावलं होतं. हॉलचा रॉड लावताना एक भोक वेडंवाकडं मोठं झालं आणि गिट्टी (स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची नळी) आतल्या आत गरागरा फिरायला लागली. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, दोन काड्या मोडून आत खुपसल्या आणि स्क्रू पिळला. त्याच रात्री रॉड पडद्यासकट खाली आला. पडद्याचं काय, पुन्हा लावता येतो. पण आईने उठताना धरलेला दांडा असा हातात आला तर? त्या रात्री मला झोप लागली नाही. मशीन स्वतःचं घ्यायचं आणि हे काम नीट शिकून स्वतःच्या हाताने करायचं, असं ठरवलंय.

कॉर्डलेसच हवं. गॅलरीत प्लग नाही आणि स्टुलावर चढून वायर सांभाळायची भीती वाटते. बजेट ८ ते १० हजार. स्टेशनजवळच्या दुकानात १२ व्होल्टचं दाखवलं. ऑनलाइन २,८०० रुपयांत ४८ व्होल्टचं दिसतंय, तेही दोन बॅटऱ्यांसकट. मग त्याची ताकद खरंच चौपट असते का? वापरलेल्यांनी सांगा.

पारसिक

माझ्याकडे बॉशचं जीएसबी १२० आहे, १२ व्होल्टचं, निळं. पाच वर्षं झाली. कळव्याला आमची जुनी बिल्डिंग, विटांच्या भिंती. पडदे, फोटो, पाण्याचा फिल्टर, स्वयंपाकघरातली मांडणी, सगळं त्यानेच लावलं. ६ आणि ८ एमएमची भोकं सहज पडतात. वजन किलोभराच्या आसपास, त्यामुळे हात भरून येत नाही. डोळे मिटून घ्या.

रोड_नंबर_सोळा

ताई, डोळे मिटून काही घेऊ नका. आधी भिंत बघा.

मी वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं पॉवर टूलच्या दुरुस्तीत काढली. माझ्या टेबलावर आलेली बरीचशी मशीनं मुळात चांगली असायची, फक्त चुकीच्या भिंतीवर मारलेली असायची. मोटरचं आर्मेचर जळालेलं, बिट धरणारा चक ढिला, आणि मालक सांगणार की कंपनी फसवते. विचारलं की कळायचं, विटेसाठी घेतलेलं मशीन कॉलममध्ये दहा मिनिटं दाबून धरलेलं होतं.

एक काम करा. शेजाऱ्यांकडून कुठलंही ड्रिल आणा आणि कपाटामागे झाकली जाईल अशा जागी, स्विचबोर्डापासून लांब, ६ एमएमचं एक भोक पाडा. खाली पांढरा कागद धरा. पहिल्या अर्ध्या इंचात येते ती प्लास्टरची पूड, ती झटकून टाका. त्यानंतरची पूड बोटात चोळून बघा. लाल-विटकरी असेल तर वीट. पांढरट, हलकी, पिठासारखी असेल आणि बिट सरसर आत जात असेल तर सिपोरेक्स, म्हणजे हलके सच्छिद्र ब्लॉक. राखाडी, बारीक, चिमूट-चिमूट येणारी आणि बिट जागेवरच घरघरत असेल तर काँक्रीट.

एका भिंतीवर थांबू नका, प्रत्येक खोलीत बघा. आणि एक लक्षात ठेवा, जुन्या विटांच्या इमारतीतसुद्धा खिडकीच्या वर काँक्रीटची लिंटेल किंवा बीम असते. पडद्याचा रॉड नेमका तिथेच येतो. तुमच्या मिस्त्रींचं बिट तिथेच भरकटलं असणार. कागदावरची पूड काय निघाली ते इथे लिहा, मग मशीनचं बोलू.

सानपाड्याची

काकांशी सहमत. मीही भिंत न बघता घेतलं होतं, पण माझं नशीब बरं की आमची सिडकोची जुनी इमारत आहे.

उंबरठा, वजनाचा विचार नक्की करा. दुकानात उचलून बघताना १८ व्होल्टचं मशीन जड वाटत नाही. स्टुलावर उभं राहून डोक्याच्या वर दहा मिनिटं धरलं की मनगटाला कळतं.

उंबरठा

काका, केलं. शेजारच्या दादांकडून वायरवालं ड्रिल आणलं, हॅमरवर ठेवलं.

तीन खोल्या, तीन भोकं. तिन्हीकडे पूड राखाडी. प्लास्टर जेमतेम नावाला होतं. चार मिनिटं दाबून एक सेंटिमीटरही आत गेलं नाही. बिट बाहेर काढलं तर टोक निळं पडलेलं आणि कागदावर चहाच्या चमच्याएवढीसुद्धा पूड नाही. खांदा दुखतोय. फक्त बाथरूम आणि स्वयंपाकघरामधली छोटी भिंत वेगळी लागली, तिथे पांढरी पिठूळ पूड आली.

तळोजा_फेज_दोन

मिवान! म्हणजे ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती. आमच्याकडेही हेच. गेल्या वर्षी मीही याच वाटेने गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी १८ व्होल्टचं ब्रशलेस (मोटरमध्ये झिजणारे कार्बन नसलेलं) हॅमर ड्रिल घेतलं, १३ एमएमच्या चकवालं. नावाजलेल्या कंपनीचं, मशीन खरोखर उत्तम. लाकडात, लोखंडात, प्लायवूडमध्ये तोड नाही. पण मिवानच्या भिंतीत ६ एमएमचं भोक ४० एमएम खोल न्यायला नव्या कोऱ्या बिटाने दीड-दोन मिनिटं. पंधराव्या भोकाला बिट बोथट. ८ एमएमला मशीन तापून बंद पडायला लागलं, थंड होईपर्यंत वाट बघायची. मध्ये सळई लागली की ते भोक सोडून बाजूला सरकायचं. दोन रविवार गेले आणि फक्त हॉल झाला.

तिसऱ्या रविवारी हार्डवेअरच्या दुकानातून हिल्टी, म्हणजे रोटरी हॅमर, भाड्याने आणलं. तेच भोक, आठ-दहा सेकंद. हात टेकवून ठेवायचा, बस.

रोड_नंबर_सोळा

तुमच्याकडे मिवानच आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, त्यामुळे जवळजवळ सगळ्या भिंती काँक्रीटच्या. छोटी भिंत मागाहून सिपोरेक्सची चढवलेली आहे. घोडबंदर रोड, खारघर, तळोजा, नव्या टॉवरांत आता हेच जास्त.

हॅमर ड्रिल आणि रोटरी हॅमर ही दोन वेगळी यंत्रं आहेत. दुकानात दोन्हींना हॅमरच म्हणतात, म्हणून घोळ होतो.

हॅमर ड्रिलमध्ये चकच्या मागे दोन दातेरी चकत्या असतात. एकीवरून दुसरी घसरते तसं बिट खडखडतं. मिनिटाला वीस हजारांवर ठोके, पण ठोका अगदी हलका, आणि त्याच्यामागचा जोर तुमच्या खांद्याचा. म्हणून तुमचा खांदा दुखतोय. वीट ठिसूळ असते, तिला एवढं पुरतं. काँक्रीटमधली खडी अशा ठोक्याने फुटत नाही, नुसती घासली जाते, आणि घासण्याने बिट तापून निळं पडतं. एकदा निळं पडलं की टोकाचं कार्बाइड पकड सोडतं. ते बिट टाकून द्या, पुन्हा वापरू नका.

रोटरी हॅमरमध्ये पिस्टन असतो. तो हवा दाबतो आणि दाबलेली हवा आतला हातोडा पुढे फेकते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेक ठोका खडी फोडणारा. जोर मशीन लावतं, आपण फक्त सरळ धरायचं. जास्त दाबलंत तर उलट काम मंदावतं. त्याचं बिटही वेगळं, एसडीएस-प्लस. शेपटीला खाचा असतात, चकमध्ये घुसवून फिरवलं की खटकन बसतं, चावी लागत नाही. १९७५ पासूनची ही पद्धत आहे. मुंबईत या मशीनला सरसकट हिल्टी म्हणतात, मग ते कुठल्याही कंपनीचं असो.

माझा सल्ला असा. दहा हजारांत एकच मशीन घेऊन त्याच्याकडून काँक्रीटही फोडून घ्यायचं आणि कपाटाच्या बिजागरीचे स्क्रूही पिळायचे, असं करू नका. रोजच्या कामाला १२ व्होल्टचं हलकं कॉर्डलेस घ्या. काँक्रीटसाठी वायरवालं दोन किलोच्या वर्गातलं रोटरी हॅमर भाड्याने आणा किंवा कुणाबरोबर अर्ध्यात घ्या. बॅटरीवरचे रोटरी हॅमरही चांगले निघालेत, पण बॅटरी-चार्जर धरून तुमच्या बजेटात बसणार नाहीत.

विटावा_पूल

४८ व्होल्टचा प्रश्न राहिलाच, आणि त्याचं उत्तर मी पैसे घालवून मिळवलंय.

दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन असंच एक घेतलं. कंपनीचं नावही आधी कधी ऐकलेलं नव्हतं. बॉक्समध्ये बिटांचा ढीग, लाल सुटकेस, दोन बॅटऱ्या. वडिलांच्या वाढदिवसाला दिलं, त्यांना सुतारकामाची हौस. अकराव्या महिन्यात एक बॅटरी चार्ज होईना, तेराव्यात दुसरी. विक्रेत्याकडे सुटी बॅटरी नाही, सर्व्हिस सेंटरचा पत्ता नाही, फोन लागत नाही. मशीनची मोटर अजून ठणठणीत आहे आणि ते माळ्यावर पडलंय. वडील काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून ते पुन्हा हाताने पेचकस फिरवायला लागले. ते बघून वाईट वाटतं.

सेल_मोजणारा

विटावा, ती बॅटरी उघडलीत तर आत पाच सेल निघतील. (उघडू नका. लिथियम आहे, शॉर्ट झालं तर पेट घेतं.)

हिशोब सोपा आहे. एका लिथियम सेलचा कामाचा दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. तीन सेल म्हणजे १०.८, त्याला बाजारात १२ म्हणतात. पाच सेल म्हणजे १८. तेच पाच सेल काठोकाठ भरले की २१. म्हणून १८, २० मॅक्स आणि २१ हे तिन्ही आकडे त्याच पाच सेलचे. डीवॉल्ट अमेरिकेत २० मॅक्स लिहितं आणि युरोपात १८, बॅटरी एकच. खरेखुरे ४८ व्होल्ट हवे तर १३-१४ सेल लागतील. एक सेल साधारण १८ एमएम जाड आणि ६५ एमएम लांब. चित्रातल्या त्या मुठीएवढ्या बॅटरीत १३ मावतील का, तुम्हीच बघा.

व्होल्टच्या शेजारी अँपिअर-अवर वाचा आणि दोन्हींचा गुणाकार करा. १०.८ गुणिले २ म्हणजे २१.६ वॉट-अवर, १८ गुणिले २ म्हणजे ३६. टाकी केवढी आहे ते यावरून कळतं. आणि बॅटरीवर बीआयएसची खूण, आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. आपल्याकडे लिथियम बॅटरीला ही नोंदणी सक्तीची आहे. खूण नसेल तर परत ठेवा.

सानपाड्याची

१२ व्होल्टने नक्की काय होतं तेही सांगते, नाहीतर त्या ४८ पुढे बिचारं १२ दुबळं वाटेल. माझ्याकडे मकिटाचं एचपी३३३ आहे, १२ व्होल्टचं. पिळायचा जोर कागदावर ३० न्यूटन-मीटर. पारसिकच्या मशीनचंही तेवढंच. सुट्या भागांतून जोडायचा पलंग, मुलीचं अभ्यासाचं टेबल, स्वयंपाकघरातल्या १४ बिजागऱ्या, एका चार्जमध्ये आरामात.

घराच्या कामात मला सगळ्यात उपयोगी पडली ती चकच्या मागची आकडे असलेली रिंग, म्हणजे क्लच. सुरुवातीला मला तिचा उपयोगच माहीत नव्हता. ड्रिलच्या खुणेवर ठेवूनच स्क्रू पिळायचे. पार्टिकल बोर्डाच्या दारात एक स्क्रू असा आत गेला की भोकाचा भुगा झाला, ते दार आजही एका बिजागरीवर कललेलं आहे. आता नेहमी ४-५ वर सुरू करते. स्क्रू बसला की मशीन कटकट करून सोडतं. नाही बसला तर एक आकडा वाढवायचा. गिअरही बघा, वर १ आणि २ लिहिलेलं असतं. स्क्रूला १, भोकाला २.

ऐरोली_सेक्टर_आठ

सिपोरेक्सच्या त्या छोट्या भिंतीबद्दल कुणी बोललं नाही. तिथे हॅमर अजिबात लावू नका. आमच्याकडे टीव्हीचं स्टँड लावताना हॅमर चालू राहिला आणि ८ एमएमचं भोक १२ चं झालं. सिपोरेक्समध्ये साध्या ड्रिलवर, हळू, गिट्टीपेक्षा एक नंबर बारीक बिटाने भोक पाडायचं. साधी प्लॅस्टिकची गिट्टी तिथे धरत नाही, सिपोरेक्सची वेगळी येते, मोठ्या आट्यांची, स्क्रूसारखी फिरवून बसवायची. आईंचा दांडा त्या भिंतीवर येत असेल तर जागा बदला, काँक्रीटच्या भिंतीवर घ्या.

उंबरठा

बरं झालं सांगितलंत! आम्ही नेमका तिथेच खडूने क्रॉस मारला होता. कमोडची दुसरी बाजू काँक्रीटची आहे, तिकडे घेते. आई डाव्या हाताने धरून उठते, तेही जमेल.

खारघर_टाइल

बाथरूमचीच कामं करतो, गेली १८ वर्षं. ताई, दांड्याचं मी सांगतो, कारण यात घाई झालेली मी पाहिली आहे.

दांडा टाइलवर उभा राहत नाही, टाइलच्या मागच्या भिंतीवर उभा राहतो. टाइल आणि तिच्यामागचा मसाला किंवा ॲडहेसिव्ह मिळून २०-२५ एमएम सहज होतं. म्हणजे ५० एमएमची गिट्टी लावली तर निम्मी टाइलमध्येच संपली. भोक एवढं खोल करा की गिट्टी पूर्ण काँक्रीटमध्ये जाईल. बिटावर तेवढ्या मापाला चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी टाइलला टेकली की थांबा. स्क्रू स्टेनलेस ३०४ चेच. काळे स्क्रू जिप्सम बोर्डासाठी असतात, ओलाव्यात एका पावसाळ्यात गंजतात आणि जोर आला की डोकं तुटतं.

टाइलला हॅमर नाही. आधी मास्किंग टेप लावून खूण करा. घरातली टाइल व्हिट्रिफाइड असेल तर भाल्याच्या टोकाचं काचेचं बिट तिथे चालत नाही, हिऱ्याचं पोकळ बिट घ्या. ८ किंवा १० एमएमचं सुटं मिळतं. तुमचं १२ व्होल्टचं मशीन इथे एकदम योग्य, कारण ट्रिगरने वेग हवा तेवढा कमी करता येतो. सुरुवात तिरकं धरून करा, चंद्रकोर उमटली की हळूहळू सरळ करा. कुणीतरी बाजूला बाटलीने पाणी सोडत राहू दे, मशीनवर उडणार नाही असं. टाइल पार झाली की थांबा, मग रोटरी हॅमर घ्या. बिट मध्ये-मध्ये बाहेर काढून पूड काढा, शेवटी भोक ब्रशने आणि फुंकणीने साफ करा. पूड राहिली की गिट्टी पूर्ण आत जात नाही आणि पकड अर्धीच मिळते. भोकात थोडं सिलिकॉन भरून मग गिट्टी, म्हणजे पाणी मागे झिरपत नाही.

लावून झालं की आईंच्या आधी तुम्ही स्वतः अंगाचं पूर्ण वजन टाकून ओढून बघा. खाली, बाहेर, बाजूला. एक केसभरही हलता कामा नये.

पारसिक

पूड काढण्यावरून आठवलं. बॅटरीवरचं ड्रिल चंद्रावरही गेलं होतं, १९७१ मध्ये, अपोलो १५ च्या वेळी. तिथेही नळीच्या सांध्यांवर पूड वर यायला वाट नव्हती, ती दाटली आणि ड्रिल हवं तेवढं खोल गेलंच नाही. पुढच्या अपोलो १६ साठी नळीची रचना बदलली, मग काम झालं. माझ्या मुलाला हे सांगितल्यापासून तो दर दहा सेकंदांनी ओरडतो, बाबा, बिट बाहेर!

माझं 'डोळे मिटून घ्या' मात्र मागे घेतो. माझ्या भिंतीवरून मी सगळ्यांच्या भिंतींना जोखलं.

जांभळी_नाका

इलेक्ट्रिशियन आहे. मिवानमध्ये वायरचे पाइप काँक्रीट ओतायच्या आधीच सळयांना बांधलेले असतात. भिंतीत ते बहुतेक बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली जातात, त्यामुळे बोर्डाच्या उभ्या रेषेत दोन्ही बाजूंनी वीतभर जागा सोडा. स्लॅबमध्ये मात्र तसं नसतं. पंख्याच्या डब्यापासून पाइप जवळच्या वाटेने, तिरके जातात. गॅलरीच्या छताला हँगर लावताना दिव्याचा डबा कुठे आहे बघा आणि त्याच्यापासून भिंतीकडे जाणाऱ्या कुठल्याच सरळ रेषेत भोक घेऊ नका. बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या ऑफिसात वायरिंगचा नकाशा मागा, चावी देताना कित्येकदा तो फाइलमध्येच दिलेला असतो.

कॉर्डलेस आहे म्हणून शॉक बसणार नाही असं समजू नका. बिट चालू वायरला लागलं तर चकचं लोखंड हातापासून लांब नसतं. कॉर्डलेसचा खरा फायदा हा की त्या खोलीची एमसीबी पाडून काम करता येतं. तो घ्या. आणि वर भोक पाडताना चष्मा. साधा नंबरचा नव्हे, बाजूने बंद असलेला.

तळोजा_फेज_दोन

खरेदीआधी दुकानात विचारायच्या गोष्टी, मी न विचारलेल्या.

सुटी बॅटरी मिळते का आणि केवढ्याला? पहिल्यांदा म्हातारी होते ती बॅटरी. नवी बॅटरी अर्ध्या मशीनच्या किमतीला पडू शकते, हे आधी माहीत असलेलं बरं. सर्व्हिस सेंटर ठाण्यात किंवा नवी मुंबईत आहे ना? आणि पुढे त्याच बॅटरीवर दुसरं काही चालणार का? एकाच कंपनीच्या दोन बॅटऱ्या एकमेकींत बसतातच असं नाही. मकिटाच्या १८ व्होल्टमध्ये एलएक्सटी वेगळी आणि स्वस्तातल्या जी मालिकेची वेगळी. बॉशची निळी आणि हिरवी १८ व्होल्टची बॅटरी एकमेकींत चालत नाही. मी हे न बघता भावाबरोबर बॅटरी वाटून घ्यायचा बेत केला होता.

रोड_नंबर_सोळा

बरोबर. ब्रशलेसचाही आग्रह नको. घरात वर्षाला शंभर भोकं पाडणाऱ्याला कार्बनवालं मशीन वर्षानुवर्षं पुरतं. कार्बन झिजले तर बाहेरून बदलता येतात का एवढं विचारा. रोज आठ तास चालवणाऱ्या सुताराने ब्रशलेस घ्यावं.

वाचलेले पैसे बिटांवर घाला. मशीनबरोबर येणाऱ्या पेटीतली शंभर बिटं कामाची नसतात. ६ आणि ८ एमएमची एसडीएस-प्लस चांगली दोन-दोन, लाकडाची तीन-चार, लोखंडाला एचएसएस (हाय-स्पीड स्टीलची), आणि स्क्रूला पीएच२ ची, म्हणजे फुलीच्या टोकाची, चांगली पाच. पीएच२ चं टोक गोल झालं की ते स्क्रूचं डोकं खातं, तेव्हा जीव न लावता फेकायचं. एसडीएस बिटाच्या शेपटीला बोटभर ग्रीस लावा, दरवेळी. बिटांसाठी खास मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलात तर निवड भरपूर, पण ठाण्यातही मिळतात.

आणि बॅटरी. काम नसताना पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा. मशीनमधून गरम निघालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, हाताला गार लागू दे. गॅलरीतल्या पत्र्याच्या कपाटात, उन्हात नको. पावसाळ्यात खाडीकडच्या हवेने पट्ट्या काळ्या पडतात, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

सानपाड्याची

वेळेचंही बघा. हॅमरचा आवाज मिवानमध्ये खालच्या-वरच्या चार मजल्यांना जातो. रात्री १० ते सकाळी ६ शांततेचा नियम आहेच, पण दुपारी १ ते ४ सुद्धा टाळा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं झोपलेली असतात. मी आदल्या दिवशी लिफ्टमध्ये चिठ्ठी लावते.

उंबरठा

तीन आठवड्यांनी येतेय, पण सगळं झाल्यावरच लिहायचं होतं.

१२ व्होल्टचं घेतलं, दोन बॅटऱ्यांसकट ६,९०० ला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून सुट्या बॅटरीचा भावही आधी विचारला. रोटरी हॅमर भाड्याने आणायचं म्हणून शेजारच्या दादांना विचारायला गेले, तर त्यांच्या घरीही पडदे अजून खुर्चीवरच घडी घालून ठेवलेले. मजल्यावर चार घरं, चौघांचीही तीच अडचण. प्रत्येकी १,८०० काढून ७,२०० चं वायरवालं रोटरी हॅमर घेतलं. ते डक्टजवळच्या कपाटात असतं, वहीत नाव लिहून न्यायचं. एक्स्टेन्शन लांब घेतलं आणि वायर खांद्यावरून मागे सोडली, शेजारच्या वहिनी खाली धरून उभ्या राहिल्या. भीती गेली.

पहिलं भोक पाडलं तेव्हा मी सवयीने दाबायला गेले. काकांचं वाक्य आठवून हात सैल सोडला, आणि राखाडी पूड धार लागल्यासारखी लिफाफ्यात पडायला लागली. (भोकाखाली जुना लिफाफा चिकटपट्टीने उघडा लावला होता, फरशीवर कणही नाही.) ४० सेकंदही लागले नाहीत, त्यातले निम्मे बिट बाहेर काढण्यात गेले.

बाथरूमला पूर्ण रविवार दिला. टाइलची सहा भोकं, वहिनी बाटलीने पाणी सोडत होत्या. दुसऱ्या भोकाला बिट घसरलं आणि टाइलवर नखाएवढा ओरखडा आला, कारण मी तिरकं धरायला विसरले. तो दांड्याच्या तळव्याखाली झाकला गेला. गिट्ट्या हाताने आत जाईनात, रबरी हातोडीने हलके ठोके दिले तेव्हा बसल्या. सिलिकॉन सुकायला रात्रभर ठेवलं. सकाळी मी लटकले, मग नवरा लटकला, तो ८४ किलोचा आहे. हललं नाही.

आई परवा आली. रात्री दोनला ती उठलेली मला कळलं, मी दाराबाहेर उभी राहिले. आतून दांड्यावर तिच्या बांगड्या टेकल्याचा आवाज आला, आणि ती एकटीच उठून बाहेर आली.

खारघर_टाइल दादा, तुमचे आभार कसे मानू. काका, तुमचेही.

खारघर_टाइल

ताई, भरून पावलो. सहा महिन्यांनी एकदा स्क्रू हाताने तपासा, फिरत असेल तर सांगा.

विटावा_पूल

वडिलांसाठी मीही १२ व्होल्टचं आणतोय या शनिवारी. त्यांच्या आधीच्या मशीनची ती बिटांची पेटी फेकून द्यावी का?

रोड_नंबर_सोळा

लाकडाची बिटं काढून ठेवा, मऊ लाकडाला चालतील. बाकी भंगारात. जुन्या बॅटऱ्या मात्र भंगारवाल्याला किंवा कचऱ्यात देऊ नका, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेतात तिथे द्या. वडिलांना सागाचं काम करायचं असेल तर ३ एमएमचं एचएसएस जास्तीचं घ्या, स्क्रूआधी त्याने वाट पाडली की साग चिरत नाही.